रडारनं काय बघायचं नाही, हे कोण ठरवतं?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून होते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचं गाव नदीकाठचं. पुलाच्या कठड्यातून बाहेर काढलेल्या लोखंडी हाताच्या टोकाला एक यंत्र खाली तोंड करून बसवलंय. दिसायला छोट्या कर्ण्यासारखं. ते रडार आहे. पाण्याकडे लहर सोडायची, परत आलेली लहर पकडायची आणि पाणी किती खाली आहे ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. आकडा पुलाजवळच्या बोर्डावर येतो, मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासूनचा. गावात मीटरमध्ये कुणी बोलत नाही. सांगलीत आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा आणि ४५ वर धोका, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण बोर्ड नवा, लाल अक्षरांचा, रात्रीही लांबून वाचता येणारा. लोकांना त्याची सवय झाली होती. मलाही.

त्या रात्री पावणेबारापासून बोर्डावरचा आकडा हलेना. साडेबाराला तोच, एकला तोच. मी बोर्डाचा फोटो काढला आणि 'पाणी स्थिर, घाबरू नका' असं लिहून फेसबुकवर टाकला. शेअर भरपूर झाला. दोनच्या सुमारास पुलाच्या खांबावरची रंगवलेली पट्टी वाचणाऱ्या काकांचा फोन आला. "अरे पेपरवाल्या, स्थिर कुठलं? दोन फूट चढलंय. कुणाला विचारून लिहिलंस?"

खालच्या गल्लीतली माणसं गुडघाभर पाण्यातून बाहेर पडली. माणूस गेला नाही. दोन म्हशी गेल्या. ज्यांच्या गेल्या ते अजून माझ्याशी बोलतात, हा त्यांचा मोठेपणा.

चार दिवसांनी पूर ओसरल्यावर यंत्र तपासायला एक पंचविशीतला मुलगा आला. मी त्याच्या मागेच लागलो. त्यानं लॅपटॉप जोडला, पडद्यावर एक रेघ आली, चढउतारांची. म्हणाला, "बिघडलेलं नाही सर. सेटिंग तसं होतं."

झालं असं होतं. पाण्यावर फेस, भोवरे, वाहत आलेला ऊस आणि पाला. परतीची लहर विस्कटली, क्षीण झाली. अमुक इतक्या जोराच्या खालचा प्रतिध्वनी मोजायचा नाही, अशी एक मर्यादा यंत्रात घातलेली असते. प्रतिध्वनी तिच्याखाली गेला आणि यंत्राच्या दृष्टीनं पाणीच हरवलं. हरवलं तर काय करायचं, याचे तीन पर्याय मेनूत होते. चूक दाखव, सर्वांत वरचा आकडा दाखव, किंवा शेवटचा आकडा धरून ठेव. तिसरा निवडलेला होता. त्यामुळे बोर्डावर पावणेबाराचं पाणी दोन तास दिसत राहिलं आणि मी त्याला 'स्थिर' म्हटलं.

"हा पर्याय कुणी निवडला?"

"बहुतेक कंपनीतून तसाच येतो. नाहीतर बसवताना कुणीतरी."

मग त्यानं बाकीची सेटिंगं दाखवली. यंत्राच्या अगदी जवळचा पट्टा सोडून द्यायचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कर्ण्यातला आणि कठड्याचा प्रतिध्वनी मोजला जात नाही. पुलाखालून गेलेले पाइप, सळ्या यांचे कायमचे प्रतिध्वनी आधी नोंदवून ठेवायचे आणि ते दिसले तरी दुर्लक्ष करायचं. किती सेकंदांची सरासरी घ्यायची ते ठरवायचं. जास्त घेतली तर लाटांनी आकडा नाचत नाही, पण पाणी झपाट्यानं चढलं तर बोर्ड मागे राहतो. म्हणजे बघा, प्रत्येक सेटिंग हे काय टाकून द्यायचं याचंच आहे.

"आणि फ्रिक्वेन्सी?" मी विचारलं.

"ती आपल्या हातात नसते सर. फक्त देश निवडायचा."

हे वाक्य डोक्यातून जाईना. मी कॉमर्सचा माणूस, वर पत्रकारितेचा डिप्लोमा. पण पुढचे सहा-सात महिने जमेल तसं वाचत गेलो. रडारचा इतिहास आपल्याला युद्धाची, शोधाची, शूर वैमानिकांची कथा म्हणून सांगितला जातो. मला तो निवडीचा इतिहास वाटला. कोणती लहर घ्यायची आणि परत आलेल्यातलं काय फेकायचं, याचा.

२६ फेब्रुवारी १९३५. इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळच्या एका शेतात रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि त्यांचे सहकारी अर्नोल्ड विल्किन्स एक रिसीव्हर घेऊन गेले. आकाशात हेफर्ड जातीचं एक बॉम्बर विमान फिरत होतं. लहर सोडायला यंत्र कुठलं? तर बीबीसीचं शॉर्टवेव्हचं प्रक्षेपण केंद्र जवळ होतं, ते. लहरीची लांबी ४९ मीटर, कारण बीबीसीची तीच होती. विमानावर आपटून परतलेली लहर साधारण आठ मैलांपर्यंत ओळखता आली. जगातल्या एका मोठ्या संरक्षण यंत्रणेचा पाया असा शेजाऱ्याकडून उसन्या घेतलेल्या फ्रिक्वेन्सीवर पडला.

त्यातून 'चेन होम' नावाची साखळी उभी राहिली. किनाऱ्यावर ३६० फुटी मनोरे, २० ते ३० मेगाहर्ट्झची लहर. फार लांबडी लहर ही. तिला बारीक दिसत नाही, आणि समुद्राला चिकटून येणारं विमान तर जवळजवळ दिसतच नाही. जर्मनांची रडारं तेव्हा याहून कितीतरी आखूड लहरींवर चालत होती. १९३९ मध्ये त्यांनी ग्राफ झेपेलिन हे हवाई जहाज या मनोऱ्यांचा छडा लावायला पाठवलं आणि ते हात हलवत परतलं. त्यांना चेन होमचे सिग्नल ऐकू आले, पण ते विजेच्या तारांचा आवाज समजून सोडून दिले, असं सांगितलं जातं. इतक्या ओबडधोबड लहरीवर कुणी रडार बांधेल, हे त्यांच्या हिशेबातच नसावं.

आणि सिग्नल प्रोसेसिंग कोण करत होतं? माणसं. त्यातही मोठ्या संख्येनं तरुण मुली, हवाई दलाच्या महिला शाखेतल्या. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एक हिरवी रेघ थरथरत असायची. त्या थरथरीतून हा खरा उंचवटा आणि हा नुसता गोंगाट, हे ओळखायचं. एक विमान आहे की तीस, हे उंचवटा कसा धडधडतो त्यावरून सांगायचं. आज लॅपटॉपवर ज्याला 'मर्यादा' म्हणतात ती तेव्हा एका विशीतल्या मुलीच्या डोळ्यांत होती. काही चुकलं तर तिला विचारता येत होतं, की बाई, तुला काय दिसलं? आमच्या पुलावरच्या यंत्राला मी कुणामार्फत विचारणार होतो?

या निवडीला दुसरी बाजूही आहे. तुमची फ्रिक्वेन्सी शत्रूला कळली, की तुम्ही काय बघायचं हे तो ठरवायला लागतो. २४ जुलै १९४३ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी हॅम्बुर्गवर बॉम्बच्या आधी कागदाला चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची बंडलं फेकली. लांबी साधारण २७ सेंटीमीटर. का २७? तर तोफा रोखणाऱ्या जर्मन वुर्झबुर्ग रडारची लहर होती ५३-५४ सेंटीमीटरची. लहरीच्या निम्म्या लांबीची धातूची पट्टी त्या लहरीला सगळ्यात जोरात उत्तर देते. एकेका बंडलाचं पडद्यावर एकेक विमान झालं. आकाश खोट्या विमानांनी भरून गेलं. ७९१ विमानं गेली होती, त्यांतली फक्त १२ पडली. खाली शहरात त्या आठवड्यात काय झालं ते इथे लिहीत नाही, तो वेगळा आणि फार काळा विषय आहे.

खरी गंमत पुढे आहे. (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही.) ही युक्ती ब्रिटिशांकडे वर्षभर आधीच तयार होती. जर्मनांकडेही तीच होती. दोघांनी ती दाबून ठेवली होती, समोरच्यानं नक्कल केली तर काय, या भीतीनं. आणि वापर झाल्यावर जर्मन इंजिनिअरांनी जे उत्तर शोधलं, त्याच तत्त्वावर आजचं डॉप्लर रडार चालतं. पट्ट्या हवेत संथ तरंगतात, विमान वेगानं जातं. वेगवान वस्तूवरून परतलेल्या लहरीत किंचित बदल होतो, गाडी जवळ येताना हॉर्नचा सूर बदलतो तसा. मग जे हलत नाही ते पुसून टाका आणि जे पळतंय ते ठेवा. अर्थात वारा जोरात असला की पट्ट्याही पळायच्या. पण लहर बदलता येत नसेल तर परतलेल्या लहरीवरचा हिशेब बदला, ही वाट तिथून रुळली.

दरम्यान लहरी आखूड होत चालल्या होत्या. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. दहा सेंटीमीटरच्या आसपासच्या लहरी आणि त्याही भरपूर ताकदीच्या, एका मुठीत मावणाऱ्या तांब्याच्या ठोकळ्यातून. त्याच वर्षी तो अमेरिकेत नेला गेला आणि एमआयटीत मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. दहाचे तीन सेंटीमीटर झाले. मग उत्साहाच्या भरात सव्वा सेंटीमीटर, म्हणजे साधारण २४ गिगाहर्ट्झ. लहर आखूड तर अँटेना लहान आणि चित्र बारीक, हा हिशेब बरोबरच होता. फक्त हवेला कुणी विचारलं नव्हतं. पाण्याची वाफ २२ गिगाहर्ट्झच्या आसपास लहर शोषून घेते. व्हॅन व्लेक नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं तसा इशारा दिला होता. (पुढे १९७७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, वेगळ्या कामासाठी.) पण आकडा ठरून गेला होता, यंत्रं बनत होती. दमट हवेत या रडारचा पल्ला कोसळला. आपल्याकडे जुलैत कोकणात गेलेल्या कुणालाही हे आधीच सांगता आलं असतं, असं मनात येतं, पण असो.

हीच नापास झालेली २४ गिगाहर्ट्झची लहर आज स्वस्त रडार सेन्सरमध्ये सर्रास असते. दहा-वीस मीटरच्या अंतराला वाफेनं फरक पडत नाही, आणि २४ ते २४.२५ गिगाहर्ट्झ हा पट्टा जगात बऱ्याच ठिकाणी अशा वापराला मोकळा आहे. आमच्या तंत्रज्ञ मुलाचं 'फक्त देश निवडायचा' हे वाक्य मला इथे पहिल्यांदा नीट कळलं. या सेन्सरांमध्ये फ्रिक्वेन्सी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत नेतात आणि गेलेली व परतलेली लहर यांतल्या फरकावरून अंतर काढतात. सरकवायला जागा जितकी रुंद, तितक्या जवळजवळच्या दोन वस्तू वेगळ्या ओळखता येतात. हिशेब सोपा आहे. पाव गिगाहर्ट्झ जागा असेल तर साठ सेंटीमीटरच्या आतल्या दोन वस्तू एकमेकींत मिसळतात. ऐंशी गिगाहर्ट्झच्या सेन्सरला चार गिगाहर्ट्झ जागा मिळाली, तर पावणेचार सेंटीमीटरवरच्याही सुट्या दिसतात. झोतही अरुंद होतो. दहा अंशांचा झोत दहा मीटर खाली पावणेदोन मीटरचं वर्तुळ बघतो, चार अंशांचा सत्तर सेंटीमीटरचं. म्हणजे पुलाखालचा पाइप आणि त्याच्याखाली अर्ध्या मीटरवर आलेलं पुराचं पाणी या दोन गोष्टी आहेत की एक, याचं उत्तर यंत्राच्या कारखान्यात तर ठरतंच. पण दिल्लीत कुठला पट्टा किती रुंद मोकळा केलाय, यावरही ठरतं.

आता पावसाकडे येतो, कारण आपला जीव त्यात अडकलाय.

युद्धातल्या रडारवाल्यांना पाऊस हा कचरा वाटायचा. पडद्यावर ढग उमटले की विमान हरवायचं. पाऊस पुसून टाकायच्या नाना तऱ्हा त्यांनी काढल्या. युद्ध संपल्यावर हवामानवाले त्याच रडारांकडे आले आणि म्हणाले, तुम्ही जे फेकताय तेच आम्हाला द्या. (पक्ष्यांचंही असंच झालं. पडद्यावर येणाऱ्या अनाकलनीय ठिपक्यांना युद्धात 'देवदूत' म्हणत. त्यांतले बरेच पक्ष्यांचे थवे निघाले आणि त्यातून पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाची एक शाखाच उभी राहिली.) कॅनडात मॅकगिल विद्यापीठात मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये थेंबांच्या आकाराचं गणित मांडलं आणि परतलेल्या लहरीवरून पाऊस किती, हे काढायची वाट झाली. पण गणित नाजूक आहे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर प्रतिध्वनी दुप्पट होत नाही, चौसष्टपट होतो. थोडेच पण टपोरे थेंब रडारला फसवतात, आणि असंख्य बारीक थेंबांचा मुसळधार पाऊस त्याला किरकोळ वाटू शकतो. म्हणून अमेरिकेच्या हवामान खात्याकडे नेहमीच्या वादळी पावसाला एक सूत्र आणि उष्ण कटिबंधातल्या पावसाला दुसरं असतं. रडार तेच असतं, परतलेली लहरही तीच. सूत्र बदललं की पावसाचा आकडा बदलतो.

आपल्या हवामान खात्यानं १९५४ मध्ये कोलकात्याच्या डमडमला वादळं टिपणारं पहिलं रडार बसवलं. चक्रीवादळांसाठी १९७० मध्ये विशाखापट्टणमला दहा सेंटीमीटरचं आलं. डॉप्लर यायला २००२ उजाडलं, चेन्नईत. आणि २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत डॉप्लर नव्हतं. त्याच दिवशी कुलाब्यात शंभर मिलिमीटरही पडला नव्हता. एकाच शहराची दोन टोकं. पुढे कुलाब्याला दहा सेंटीमीटरच्या पट्ट्यातलं डॉप्लर आलं आणि २०२२ च्या जानेवारीत जोगेश्वरीजवळ वेरावलीला दुसरं, पाच सेंटीमीटरच्या पट्ट्यातलं. पाचवाल्याला बारीक पाऊस चांगला दिसतो, पण समोर दाट पाऊस आला की त्याची लहर तिथेच थकते आणि मागचा पाऊस कमी दिसतो. दहावालं तितकं थकत नाही. म्हणून दोन्ही लागतात. 'एक होतं की, दुसरं कशाला' असं टीव्हीवर विचारणाऱ्यांसाठी हे लिहिलं.

डॉप्लरलाही पुसायची सवय आहेच. डोंगर, इमारती, मनोरे यांचे प्रतिध्वनी काढून टाकायचे म्हणून जे हलत नाही ते पुसायचं, वुर्झबुर्गच्या वेळेसारखंच. पण रडारला फक्त त्याच्याकडे येणारी किंवा त्याच्यापासून लांब जाणारी गती कळते. त्याच्यासमोरून आडवा सरकणारा पाऊस त्याच्या दृष्टीनं उभाच असतो. गाळणी कडक लावली तर डोंगराबरोबर तो पाऊसही पुसला जातो. सह्याद्रीच्या रांगेसमोर ही गाळणी किती कडक ठेवायची, हा प्रश्न मग नुसता इंजिनिअरचा राहत नाही.

आता चंद्राची गोष्ट, आणि मग परत आपल्या पुलावर.

ग्रीनलंडमधल्या थुले इथे अमेरिकेनं सोव्हिएत क्षेपणास्त्रांची आगाऊ सूचना देणारी अवाढव्य रडारं उभारली. ती सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. ५ ऑक्टोबर १९६० ला त्यांनी इशारा दिला, की क्षेपणास्त्रांचा मोठा हल्ला येतोय. खात्री जवळजवळ शंभर टक्के. अमेरिकेतल्या मुख्यालयात अधिकाऱ्यांच्या अंगावर काटा आला असणार. कॅनडाचे एअर मार्शल रॉय स्लेमन तिथे उपप्रमुख होते. त्यांनी विचारलं, ख्रुश्चेव्ह कुठे आहेत? उत्तर आलं, न्यूयॉर्कमध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या सभेला आलेत. आपला नेता न्यूयॉर्कमध्ये असताना रशिया अमेरिकेवर अणुबॉम्ब टाकेल?

नॉर्वेच्या दिशेला चंद्र उगवत होता. रडार इतकं ताकदवान होतं, की त्याची लहर चंद्रावर आपटून परत येत होती. जायला-यायला अडीच सेकंदांहून थोडं जास्त. पण प्रतिध्वनी इतक्या उशिरा येऊ शकतो हे हिशेबात धरलेलंच नव्हतं. यंत्रानं जुन्या लहरीचा प्रतिध्वनी नव्या लहरीच्या खात्यावर टाकला आणि पावणेचार लाख किलोमीटरवरचा चंद्र काही हजार किलोमीटरवर आणून ठेवला. नंतर हिशेबात दुरुस्ती करून चंद्र वगळण्यात आला. मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? स्लेमन यांचा प्रश्न रडारबद्दल नव्हताच. आमच्या काकांनी पट्टी बघितली, तसा त्यांनी दुसरीकडून ताळा करून बघितला. मी त्या रात्री काकांना एक फोन करायला हवा होता. नंबर माझ्याकडे होता.

राहिला 'देश निवडायचा' हा मुद्दा.

१८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरीनं लांबची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. त्यांनी ज्या लहरींवर काम केलं त्यांतली आखूड होती पाच मिलिमीटरची, म्हणजे आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ. लहर गोळा करायला त्यांनी धातूचा कर्णाही वापरला. आमच्या पुलावर जो कर्णा लटकतोय, त्याचा तो थेट पूर्वज. ६० गिगाहर्ट्झ ही लहर हवेतला ऑक्सिजनच शोषून घेतो, त्यामुळे ती लांब जात नाही. जवळच्या कामाला मात्र उत्तम, शेजाऱ्याच्या यंत्राला त्रास होत नाही.

२०१९ मध्ये गूगलनं पिक्सेल ४ हा फोन काढला. त्यात हाताच्या हालचाली ओळखणारं इवलंसं रडार होतं, बोसांच्याच ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं. फोन भारतात विकलाच गेला नाही. त्या पट्ट्याची नागरी वापराची परवानगी मिळाली नाही, असं कारण तेव्हा बातम्यांत आलं. मला त्या फोनचं दुःख नाही, तो मला परवडणारही नव्हता. पण अमेरिकेत तीच परवानगी कशी मिळाली ते वाचा. त्यांच्या आयोगाकडे अर्ज झाला, तो लोकांसमोर ठेवला गेला. फेसबुकनं हरकत घेतली, की इतक्या ताकदीनं लहर सोडली तर बाकीच्यांना त्रास होईल. दोन्ही कंपन्यांनी मग मिळून आकडा ठरवला आणि २०१८ च्या शेवटी आदेश निघाला. कोण काय म्हणालं ते आजही घरबसल्या वाचता येतं. कंपन्या काही संत नव्हेत, पण आकडा कुठून आला हे तरी कळतं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५ लाच सांगितलंय, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या भांडणातला निकाल होता तो. मालमत्ता आपली आहे, तर आपल्या डोक्यावरच्या यंत्रात कोणते आकडे कुणी घातले, हे विचारायचा हक्कही असावा, असं मला वाटलं.

म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तीनच गोष्टी विचारल्या. पुलावरच्या सेन्सरची सध्याची सेटिंगं काय आहेत, ती कुणी आणि कधी ठरवली, आणि प्रतिध्वनी हरवल्यावर शेवटचा आकडा धरून ठेवायचा निर्णय कोणत्या कागदावर आहे. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. बाब कंत्राटदाराच्या अखत्यारीतील असून माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही. पहिलं अपील केलं, त्यावरही हेच उत्तर. दुसरं अपील पडून आहे.

मधल्या काळात त्या मुलानं त्याच्या परीनं एक काम केलं होतं. जाताना सेटिंग बदलून गेला. प्रतिध्वनी हरवला तर बोर्डावर आकड्याऐवजी चार आडव्या रेघा येतील. मला म्हणाला, "सर, रेघा दिसल्या की समजायचं, यंत्राला माहीत नाही." मी ते गल्लीत सगळ्यांना सांगितलं, व्हॉट्सॲपवरही टाकलं. परतीच्या पावसात दोन वेळा रेघा आल्या. लोक पट्टीकडे गेले, काकांना विचारलं, काम झालं.

मग दिवाळीनंतर कुणीतरी बडे साहेब पाहणीला आले तेव्हा बोर्डावर रेघा होत्या, असं ऐकलं. यंत्रणा बंद दिसते, लोकांत चुकीचा संदेश जातो, असं त्यांचं म्हणणं पडलं म्हणे. त्यानंतर रेघा दिसलेल्या नाहीत. सेटिंग पुन्हा जुनं केलं की काय, हे मला माहीत नाही. त्या मुलाला फोन केला, तर त्याची बदली दुसऱ्या जिल्ह्याच्या कामावर झाली होती.

काल रात्री पुन्हा जोर होता. मी साडेनऊला पुलावर गेलो, बोर्डावर ५३८.४२. साडेदहाला गेलो, ५३८.४२. काका छत्री धरून, बॅटरी लावून खांबाकडे बघत होते. त्यांच्या वहीत साडेनऊला ३१ फूट ४ इंच होतं आणि साडेदहाला ३१ फूट ९.